आणि सात जण जखमी

अपघाताच्या बातमीत मृतांची नावं येतात, गावं येतात, कधी फोटोही येतो. जखमींच्या वाट्याला शेवटची अर्धी ओळ: ‘अन्य सात जण जखमी झाले असून त्यांच्यावर जिल्हा रुग्णालयात उपचार सुरू आहेत.’ दुसऱ्या दिवशी तीही नाहीशी होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदींनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. यातले किती जण आठवड्याभरात कामावर परतले आणि किती जण कायमचे खाटेवर गेले, हे बातमीतून कळत नाही. कळतं ते दोन-चार वर्षांनी, जिल्हा न्यायालयाच्या आवारात, कुबडी टेकवून बाकावर बसलेल्या माणसाकडे पाहिल्यावर.

मृत्यूच्या दाव्यात एक गोष्ट सोपी असते. माणूस गेला, हे सिद्ध करायला दाखला पुरतो. जखमीला मात्र आपण किती उरलो आहोत हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी हाडांचे एक्स-रे लागतात, औषधांची बिलं लागतात, डॉक्टरची साक्ष लागते आणि अपघाताआधी आपण काय काम करत होतो याचा पुरावाही लागतो. धडक ट्रकची असेल तर गुंता आणखी वाढतो. दुचाकीने दुचाकीला ठोकलं तर समोर एक माणूस असतो. ट्रकमागे चालक असतो, चालकाला पगार देणारा मालक असतो, ट्रकवर कर्ज देणारी फायनान्स कंपनी असते, भाडं लावून देणारा ट्रान्सपोर्टवाला असतो आणि या सगळ्यांच्या मागे विमा कंपनी. नंबरप्लेट राजस्थानची, माल गुजरातचा, मालक नाशिकचा आणि धडक खंबाटकी घाटात, हे आपल्या महामार्गांवर नेहमीचं आहे.

कायद्यापुरते यातले तिघे महत्त्वाचे: चालक, मालक, विमा कंपनी. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचा मृत्यू किंवा शारीरिक इजा यासाठीच्या या विम्याला रकमेची कमाल मर्यादा नाही. ‘पॉलिसीच पाच लाखांची आहे, त्यावर काही मिळणार नाही’ असं कुणी रुग्णालयात येऊन सांगत असेल, तर तो गाडीच्या नुकसानीचा विमा आणि तिऱ्हाइताचा विमा यांची गल्लत करतोय, किंवा मुद्दाम करतोय. मालक म्हणजे कोण, यावरही वाद होतात. जुने ट्रक हातोहात विकले जातात आणि आरसी बुकावर नाव पहिल्याच मालकाचं राहतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, जबाबदारी त्याची. स्टॅम्पपेपरवरचा विक्रीचा करार जखमी माणसाच्या आड येत नाही.

पहिल्या दोन दिवसांत नातेवाइकांचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि नेमके तेव्हाचेच कागद पुढे केस तारतात. रुग्णालयात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवण्याची नोंद होते. त्यात ‘ट्रकच्या धडकेने’ असं लिहिलं गेलं की नाही, हे कुणीतरी वाचून पाहायला हवं. घाईत तिथे ‘गाडीवरून पडून’ असं लिहिलं जातं, आणि तीन वर्षांनी विमा कंपनीचे वकील तेवढे दोनच शब्द मोठ्याने वाचून दाखवतात. ट्रकचा नंबर, एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, आरटीओच्या निरीक्षकाने केलेली ट्रकची तपासणी या गोष्टी पोलिसांच्या हाती असतात. पेट्रोल पंप, ढाबा आणि टोलनाका इथलं सीसीटीव्ही फुटेज मात्र काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते ताब्यात घ्यावं म्हणून पोलिसांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. ट्रक ओव्हरलोड वाटत असेल तर वजनकाट्याची पावती आणि बिल्टी यांचा उल्लेखही त्याच अर्जात करावा. खर्चाचं म्हणाल, तर मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात. गाडी कोणाची, चूक कोणाची, हा प्रश्न तिथे येत नाही.

पूर्वी दावा दाखल करणं ही सर्वस्वी जखमीची जबाबदारी होती. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी, निदान कागदावर, बराचसा भार पोलिसांवर टाकला आहे. तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमीला त्याचे हक्क सांगणारा फॉर्म द्यायचा. चालक आणि मालक यांच्याकडून फॉर्म भरून घ्यायचे. सविस्तर अहवाल मिळाल्यावर विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत आपला प्रस्ताव मांडायचा. पोलिसांचा अहवाल हाच दावा म्हणून न्यायाधिकरणाला धरता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं कसोशीने पाळायला देशभरच्या पोलिसांना सांगितलं. प्रत्यक्षात काही ठाणी हे व्यवस्थित करतात, काही ठिकाणी फॉर्मचं नावही ऐकलेलं नसतं. त्यामुळे पोलिसांवर सोडून स्वस्थ बसू नये, हे माझं मत.

स्वस्थ न बसण्याचं दुसरं कारण म्हणजे मुदत. दाव्याला मुदतीची अट १९९४ साली काढून टाकली होती, आणि जखमी माणूस वर्षभर दवाखान्याच्या खेपा घालत असतो हे पाहता ते शहाणपणाचंच होतं. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे अंतरिम आदेश झाला की केवळ मुदत उलटली म्हणून न्यायाधिकरणांनी आणि उच्च न्यायालयांनी दावे फेटाळू नयेत. पण आदेश अंतरिम आहे. उपचार चालू असले, डिस्चार्ज झाला नसला, तरी अर्ज सहा महिन्यांच्या आत टाकावा. बिलं मागाहून जोडता येतात.

कुठे टाकावा? अपघात जिथे झाला तिथेच, असा पुष्कळांचा समज असतो. सोलापूरचा माणूस वापीजवळ ट्रकखाली सापडला तर त्याला गुजरातेत हेलपाटे घालण्याची गरज नाही. जखमी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो. मुंबईत यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे, बाकी जिल्ह्यांत हे काम जिल्हा न्यायालयातच होतं. महिला, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. सिव्हिलच्या आवारात घुटमळणाऱ्या आणि कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा मागणाऱ्या एजंटांपेक्षा तो रस्ता बरा. ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ असा सौदा वकिलाने करणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हेही ठाऊक असावं.

आता मुख्य भांडण, चूक कोणाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालच्या दाव्यात ट्रकचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पण फौजदारी खटल्यासारखा संशयाला जागाच न ठेवणारा पुरावा इथे लागत नाही. असं घडलं असण्याची शक्यता अधिक आहे, एवढं दिसलं तरी पुरतं. म्हणूनच ट्रकचालक फौजदारी न्यायालयातून सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही.

ट्रकवाल्यांचा आवडता बचाव म्हणजे ब्रेक फेल. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर हे दोन शब्द इतक्यांदा ऐकू आले आहेत की ऐकणाऱ्याला आता त्यांचं काही वाटेनासं झालंय. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची ही खोड महामार्गावर सगळ्यांना माहीत आहे. इंजिनाचं ओढणं गेलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. याला दैव म्हणता येत नाही. मुंबईतल्याच एका लॉरीच्या अपघातावर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली जो निकाल दिला त्यातलं तत्त्व आजही चालतं. यांत्रिक बिघाड झाला असं मालकाचं म्हणणं असेल, तर गाडीची सगळी वाजवी काळजी घेऊनही दोष लपून राहिला होता, हे त्यानेच दाखवायचं. पासिंग कधी झालं, ब्रेक लायनर कधी बदलले, गॅरेजची बिलं कुठे आहेत, हे प्रश्न तिथे मालकाला विचारले जातात.

दुसरा बचाव उभ्या ट्रकचा. रात्री महामार्गाच्या कडेला, कधी चक्क लेनमध्येच, बंद पडलेला ट्रक उभा असतो. मागे रेडियम नाही, पार्किंग लाइट नाही, लाल त्रिकोण नाही, फार तर दोन दगड आणि झाडाची एक फांदी. मागून येणारा दुचाकीस्वार त्यावर आदळतो आणि ‘धडक तर त्यानेच दिली’ असं सांगितलं जातं. ऊस गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रात ट्रॉल्यांच्या बाबतीत हेच दर हिवाळ्याला घडतं. मध्यरस्त्यात, इशाऱ्याचे दिवे न लावता उभ्या केलेल्या टँकरवर मोटार आदळल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मोटारीच्या चालकाला दोष द्यायला नकार दिला. तरी प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही. जखमीचीही काही चूक असेल तर तेवढे टक्के रकमेतून कापले जातात. मात्र त्या चुकीचा अपघाताशी संबंध असायला हवा. दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून कपात करता येत नाही, असं २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं आहे. ट्रिपल सीट हा दंडाचा विषय झाला. मागून ट्रकने उडवलं, तर त्यात तिसऱ्या स्वाराचा काय हात?

आणि दोन वाहनांच्या चुकीत तिसराच चिरडला गेला, म्हणजे एसटीतला प्रवासी ट्रक आणि एसटी यांच्या टकरीत जखमी झाला, तर त्याला दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. आपसातली वाटणी त्यांनी नंतर पाहावी.

इथपर्यंत आपण रस्त्यावरच्या माणसाबद्दल बोललो. ट्रकमध्येच बसलेल्या माणसाचं काय? महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा प्रश्न मोठा आहे आणि लोकांना त्याचं उत्तर अपघात झाल्यावरच कळतं. लग्नाचं वऱ्हाड टेम्पोतून जातं, जत्रेला ट्रक जातो, बीड आणि अहिल्यानगरचे ऊसतोड मजूर बायका-पोरं, भांडीकुंडी यांसह ट्रकच्या हौद्यात बसून कारखान्यांकडे निघतात. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी त्या गाडीच्या विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरवून टाकलं. मग राहतो मालक, आणि एका ट्रकच्या मालकाकडे बहुतेक वेळा त्या ट्रकशिवाय काही नसतं, तोही कर्जावर. काही प्रकरणांत न्यायालयं विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावून मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. पण तो हक्क नव्हे.

याला अपवाद मालाच्या मालकाचा. आपला कांदा घेऊन लासलगावला निघालेला शेतकरी, किंवा त्याने पाठवलेला माणूस, विम्याच्या संरक्षणात येतो. १९९४ च्या दुरुस्तीने त्याला कायद्यात जागा दिली. पण तो बसला कुठे, हेही पाहिलं जातं. केबिनमध्ये बसलेला तो मालाचा मालक. गोण्यांच्या ढिगावर पाय पसरून बसला असेल तर विमा कंपनी हात वर करते, आणि तिच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल आहे. शेतकऱ्याला हे कुणी आधी सांगत नाही. केबिनमध्ये चालकाच्या ओळखीचे तिघे बसलेले असतात आणि ज्याचा माल तोच वर.

स्वतः चालक आणि क्लीनर यांची वाट वेगळी. चालकाच्याच हातून चूक झाली तर कलम १६६ त्याच्या उपयोगाचं नाही. पण तो नोकरीवर असताना जखमी झाला म्हणून मालकाकडून, आणि मालकाच्या वतीने विमा कंपनीकडून, कामगार म्हणून भरपाई मागू शकतो. १९२३ च्या कायद्यातून आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेल्या या तरतुदींत चूक कोणाची हे सहसा पाहिलं जात नाही. क्लीनरला दोन्ही दारं उघडी असतात, पण त्यातलं एकच निवडता येतं.

विमा कंपनीचे आक्षेप बहुतेक लायसन्स आणि परमिट यांच्याभोवती फिरतात. चालकाकडे त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स नव्हतं, फिटनेस संपला होता, परमिट नव्हतं. रस्त्यावर चिरडल्या गेलेल्या माणसाचा यात काय दोष, हा साधा प्रश्न न्यायालयांनाही पडला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी वाट काढली ती अशी की तिऱ्हाइताला कंपनीने पैसे द्यावेत आणि विम्याची अट मोडल्याचं सिद्ध झालं तर मालकाकडून वसूल करावेत. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर छोटा ट्रक चालवता येतो का, या वादात तर हजारो दावे अडकले होते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की एकूण वजन ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन त्याच लायसन्सवर चालवता येतं, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. गावोगावचे छोटे टेम्पो या वजनात बसतात.

इतकं सगळं पार पडल्यावर प्रश्न येतो रकमेचा. माझ्या मते जखमीच्या दाव्यात समजून घ्यावा असा भाग हाच, आणि दुर्लक्षही याच भागाकडे होतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हातगाडीवरच्या धंद्यासारखी साधी कामं करणाऱ्या माणसांनाही लागू पडेल असा हिशेब घालून दिला. उपचार, औषधं, प्रवास, पौष्टिक आहार यांचा खर्च, आजारपणात बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व असेल तर पुढच्या कमाईचं नुकसान, पुढच्या शस्त्रक्रियांचा खर्च, वेदना, आणि जगण्यातली जी सुखं गेली त्यांची भरपाई. तरुण मुला-मुलींच्या बाबतीत लग्नाच्या शक्यतेवर झालेला परिणामही यात धरला जातो. त्याच निकालातलं एक उदाहरण न्यायाधीश आणि वकील आजही देतात. डावा हात गेला तर वैद्यकीय हिशेबाने अपंगत्व साधारण ६० टक्के. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ १०० टक्के गेली. तोच सरकारी कार्यालयातला कारकून असेल तर नोकरी टिकेल, पगारही टिकेल. म्हणजे दाखल्यावरचा टक्का शरीराचा असतो, भरपाई ठरते ती कामाच्या टक्क्याने.

फरक किती पडतो ते करून पाहू. समजा, एक ३४ वर्षांचा सुतार आहे, महिन्याला १८,००० कमावतो. ट्रकच्या धडकेत उजव्या कोपराचा चुरा झाला. ‘प्रणय सेठी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवतात. मृत्यूच्या दाव्यांसाठीचं हे सूत्र जखमींनाही लागू आहे, हे २०२० साली स्पष्ट झालं. तर महिन्याचे झाले २५,२००, वर्षाचे ३,०२,४००. ‘सरला वर्मा’ या २००९ च्या निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणाकार येतो ४८,३८,४०० रुपये. डॉक्टरच्या दाखल्यावर संपूर्ण शरीराचं अपंगत्व ३० टक्के लिहिलंय आणि न्यायाधिकरणाने तेच उचललं, तर भविष्यातल्या कमाईपोटी मिळतील १४,५१,५२०. पण या हाताने आता रंधा ओढता येत नाही, करवत धरता येत नाही, हे साक्षीतून पुढे आलं आणि कमाईचं नुकसान ६० टक्के धरलं गेलं, तर २९,०३,०४०. कोपर तेच, ट्रक तोच. साडेचौदा लाखांचा फरक पडला तो साक्षीपुराव्याने.

म्हणून डॉक्टरची साक्ष निर्णायक. दाखला एखाद्या अवयवापुरता आहे की संपूर्ण शरीराचा, हे त्याने सांगायला हवं. पायाचं ४५ टक्के म्हणजे देहाचं ४५ टक्के नव्हे. आणि त्या माणसाला आपलं काम जमेल का, यावरही त्याला विचारायला हवं. अडचण अशी की शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर कोर्टाची पायरी चढायला नाखूष असतात. दिवसभर ताटकळून तारीख पुढे गेली की दुसऱ्यांदा येत नाहीत. मग कधी उपचारही न केलेल्या डॉक्टरकडून दाखला आणला जातो, आणि उलटतपासणीत त्याचा भुगा होतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरची वेळ आधी ठरवून, व्हिडिओद्वारे साक्ष घेण्याची विनंती करणं हे चांगल्या वकिलाचं पहिलं काम.

दुसरा अडसर उत्पन्नाचा. पगाराची स्लिप असणाऱ्याचं भागतं. सुताराकडे, भाजीवाल्याकडे, शेतमजुराकडे काय असतं? काहीच नसलं तर किमान वेतनाचा आकडा धरला जातो. माथाडी मंडळाची नोंद, बँकेचं पासबुक, यूपीआयवर आलेल्या पैशांचा तपशील, लाकूड वखारीची बिलं, कंत्राटदाराची साक्ष, यातलं जे मिळेल ते त्या आकड्याच्या वर न्यायला उपयोगी पडतं. घर सांभाळणाऱ्या बाईचं उत्पन्न शून्य धरायचं नाही, तिच्या कामाला पैशांत मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. तरी दाव्याच्या अर्जात ‘व्यवसाय: काही नाही’ असं लिहिणारे वकील मी पाहिलेत. मांडी मोडलेली बाई वर्षभर चुलीपाशी उभी राहू शकली नाही, तर स्वयंपाकाला कुणाला तरी ठेवावंच लागतं. त्याचे पैसे मागायला हवेत.

मागितलं नाही तर किती कमी मिळतं आणि किती उशीर होतो, याचं हरयाणाकडचं एक प्रकरण बोलकं आहे. २००७ साली आईबापांसोबत ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या १२ वर्षांच्या मुलीला ट्रकच्या धडकेने डोक्याला मार बसला. देह वाढला, बुद्धी नऊ महिन्यांच्या बाळाइतकी राहिली. न्यायाधिकरणाने ११ लाख ८ हजार दिले, उच्च न्यायालयाने २५ लाख ७८ हजार, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार. वाढ कुठून आली? मुख्यतः दोन गोष्टींतून. मुलीच्या भावी कमाईचा आकडा वास्तवाला धरून घेतला. आणि तिला जन्मभर सांभाळायला लागणाऱ्या माणसांचा खर्च एकरकमी अंदाजाने न टाकता, दरमहा पाच हजारांप्रमाणे दोन मदतनीस, गुणिले १८, असा मांडला. एकट्या त्या सदराखाली २१ लाख ६० हजार झाले. पक्षाघात झालेल्या, कंबरेखाली संवेदना गेलेल्या प्रत्येक जखमीच्या अर्जात मदतनिसाचं सदर वेगळं हवं, मग शुश्रूषा आई करत असो की पगारी बाई.

मेडिक्लेमचं एक जुनं दुखणं होतं. स्वतः हप्ते भरून घेतलेल्या आरोग्य विम्यातून रुग्णालयाचं बिल भागलं, तर ट्रकची विमा कंपनी म्हणे, ‘तुमचा खर्च झालाच नाही.’ २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही कपात चालणार नाही असं ठरवलं. माणसाने दूरदृष्टीने भरलेल्या हप्त्यांचा फायदा ट्रकवाल्याच्या कंपनीला का व्हावा?

झटपट पैशांचेही रस्ते आहेत, पण ते डोळे उघडे ठेवून घ्यावेत. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. हाडाला किरकोळ फ्रॅक्चर असेल आणि माणूस दोन महिन्यांत कामाला लागणार असेल, तर हा व्यवहार वाईट नाही. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. वरच्या सुताराने अडीच लाख घेतले असते तर? लोकअदालतीतली तडजोडही अशीच. पैसे लवकर हाती येतात, मात्र त्यावर अपील नाही. तडजोडीच्या टेबलावर बसण्याआधी आपला गुणाकार आपल्या खिशात असलेला बरा. आणि ट्रक पळून गेला, नंबर मिळालाच नाही, तर गंभीर जखमीला ५०,००० आणि मृताच्या वारसांना दोन लाख देणारी सरकारी योजना आहे. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत यांच्याकडे करायचा असतो. रक्कम तुटपुंजी आहे, पण २०२२ पर्यंत ती १२,५०० आणि २५,००० होती.

निकाल लागला की चेक हातात पडतो असं नाही. विमा कंपनीला ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. अपिलासाठी २५,००० किंवा निम्मी रक्कम, यातलं जे कमी ते भरावं लागतं, आणि वसुलीला स्थगिती हवी असेल तर न्यायालय सहसा मोठी रक्कम जमा करायला लावतं. त्या जमा रकमेतला काही भाग अपील चालू असताना काढण्याची परवानगी जखमीला मागता येते. रकमेवर व्याज धरलं जातं ते दावा दाखल केल्यापासून, म्हणूनही अर्ज लवकर गेलेला बरा. अंतिम रक्कम आली तरी तिचा मोठा हिस्सा न्यायाधिकरण बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतं, विशेषतः जखमी अज्ञान असेल किंवा पैसे इतरांच्या हाती जाण्याची भीती असेल तेव्हा. दरमहा व्याज खात्यात येतं. मध्येच पायातली पट्टी काढायची शस्त्रक्रिया निघाली किंवा कृत्रिम पाय बदलायची वेळ आली, तर रुग्णालयाचं अंदाजपत्रक जोडून त्याच न्यायाधिकरणात अर्ज करायचा. त्यावर ठेव मोडायचा हुकूम मिळतो, आणि त्या हुकमाची सही-शिक्क्याची प्रत घेऊन बँकेत जावं लागतं.